पाळीखालचा झरा

शहरातल्या कोबर्ग भागातल्या एका निवांत गल्लीत, फुटपाथवर गुडघा टेकून, लांब लोखंडी दांडीचं एक टोक नळाच्या झाकणावर आणि दुसरं कानाशी धरून रेलीन ट्रेझाइझ जमिनीखालचं पाणी ऐकत होती, तेव्हा खिशातला फोन थरथरला. ऐकत असताना फोन घ्यायचा नाही हा तिचा नियम. पण फोन बाबाचा होता आणि बाबा दिवसाउजेडी कधी फोन करत नसे. त्याच्या मते दिवस कामासाठी असतो आणि फोन कोण गेलं ते कळवण्यासाठी. तिने दांडी बाजूला ठेवली. "पोरी, झरा वाढलाय," क्लेम म्हणाला. कुंडीच्या काठावरून वाहतोय म्हणे, गेला आठवडाभर. फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात. साऱ्या मुलखात गवताची एक काडी हिरवी नाही आणि त्याचा झरा मात्र वाढतोय. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तिला छान म्हणावं लागलं, आणि ती म्हणालीही. मग फोन बंद झाल्यावर ती तशीच गुडघ्यावर राहिली. नळ कुठे फुटलाय ते तिला केव्हाच ऐकू आलं होतं, वरच्या अंगाला, लाल दाराच्या घरासमोर. डांबरावर निळ्या रंगाची फुली मारायची तेवढी उरली होती. पण हात उठेना. ख्रिसमसच्या आधीपासून पाऊस नाही आणि झरा वाढतो, याचा अर्थ एकच होता. तो अर्थ तिला आज कळला असंही नाही. तो तिने इतकी वर्षं पोटात ठेवला होता की त्याचं ओझंही जाणवेनासं झालं होतं, आणि आता एका फोनने तो पुन्हा जड झाला. एक बाई कुत्र्याला घेऊन बाजूने गेली आणि तुम्हाला बरं वाटतंय ना, असं विचारून गेली. रेलीन म्हणाली, हो, ऐकतेय.

ती बाबाकडे जायला निघाली. बेंडिगो गावाच्या पुढे रस्ता सरळ होतो आणि माणसाला विचार करण्यावाचून दुसरं काम उरत नाही, म्हणून तो पट्टा तिला कधीच आवडला नव्हता. दोन्ही बाजूंना वाळलेली रानं, मधूनच मेंढ्यांचा मळकट घोळका, आणि डोक्यात तेच ते. ती शाळकरी होती तेव्हाच्या मोठ्या दुष्काळातली ती दुपार. बाबाने तळं बांधलं त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मागून आणलेल्या बुलडोझरने त्याने स्वतः पाळ घातली होती आणि खालच्या रानातल्या हौदासाठी पाळीतून एक लोखंडी पाइप काढला होता. दुष्काळात तळं अर्ध्यावर आलं. तेव्हा बाबाने कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे काटकोनात वाकवले, दोन मुठींत सैलसर धरले, आणि पाळीच्या खाली शेरडासारखा चालत सुटला. कुंपणापाशी शेजारपाजारचे पुरुष उभे होते. ते हसत होते, अगदी मोकळेपणाने, कारण त्या वर्षी हसायला दुसरं काही नव्हतं. तारा एकमेकींवर आल्या. बाबाने तिथे कुदळ घातली. कमरेइतकं खणल्यावर माती ओली लागली, संध्याकाळपर्यंत खड्ड्यात पाणी आलं आणि हसणारे घरी गेले ते दुसऱ्या दिवशी डबे घेऊन परत आले. त्या दिवसापासून क्लेम ट्रेझाइझ हा मुलखाचा पाणाड्या झाला. लोक त्याला विहिरीची जागा दाखवायला नेत. कधी पाणी लागे. पुरेसं खोल गेलं की त्या मुलखात कुठे ना कुठे लागतंच. लागलं नाही तर बाबा म्हणे, यंत्र वाकडं गेलं. झऱ्याला त्याने दगडांची कुंडी बांधली, शेजारी खांब रोवला, खांबाला खिळा, खिळ्याला मग. रोज संध्याकाळी तो तिथे बसून एक मगभर पाणी पिई. आई एकदा म्हणाली होती की या पाण्याच्या चहाला तळ्याची चव येते. बाबा दोन दिवस बोलला नाही. आई पुन्हा कधी तसं म्हणाली नाही, आणि त्याच पाण्याचा चहा पीत पीत एक दिवस ती गेली.

एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात, एका कंटाळलेल्या मास्तराने फळ्यावर मातीच्या पाळीचा छेद काढला. आतल्या बाजूला पाणी, पाळीतून झिरपणाऱ्या पाण्याची उतरत जाणारी तुटक रेघ, आणि ती रेघ पाळीच्या पायथ्याशी जिथे बाहेर पडते तिथे एक छोटा बाण. रेलीनने तो बाण वहीत उतरवला आणि तिचे कान तापले. कुंडी तिथेच होती. तारा तिथेच एकमेकींवर आल्या होत्या. शेजारच्या बाकावरचा मुलगा विचारत होता, काय गं, बरं नाही का. तिने वही मिटली. घरी जाऊन सांगायचं असं तिने ठरवलं होतं, मग नाताळात सांगू, मग आईच्या आजारपणानंतर, मग कधीतरी. पुढे तिने धंदाच गळती शोधण्याचा धरला. परक्यांच्या रस्त्यांवर ती पाण्याबद्दल रोज खरं सांगे आणि त्याचा तिला पगार मिळे. तिची फुली चुकत नाही असं पाणीपुरवठा खात्यात म्हणत. इकडे बाबा क्लबात लॉन बॉल खेळता खेळता सांगे की पोरीला विद्या माझ्याकडूनच आली, माझ्याकडे तार आणि तिच्याकडे दांडी, एवढाच काय तो फरक. लोक तिला भेटले की तेच बोलून दाखवत. ती हसून मान डोलवी. त्या हसण्याचा तिला स्वतःलाच वीट आला होता.

ती पोचली तेव्हा क्लेम फाटकाशीच उभा होता. त्र्याऐंशीचा, टोपीखाली आणखी लहान झालेला. आधी चहा नाही, आधी झरा. जाताना तिने तळ्याकडे पाहिलं. पाण्याभोवती भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि मेंढ्या त्यात पाय रोवून कसंबसं पाणी गाठत होत्या. कुंडीतून खरंच धार वाहत होती. क्लेमने मग भरून तिच्यापुढे धरला. तिने तो उजेडाकडे केला. पाणी गढूळ होतं. फार नव्हे, तांदूळ धुतल्यावर दुसऱ्यांदा निघतं तेवढं. पाळीतून स्वच्छ पाणी पाझरलं तर ते वर्षानुवर्षं पाझरू शकतं, कुणाचं काही बिघडत नाही. गढूळ पाणी पाळीची माती घेऊन बाहेर येतं. आत बीळ पडलेलं असतं आणि ते रोज रुंद होत असतं, आणि मग एखाद्या दिवशी सगळं तळं एका तासात खालच्या रानात उतरतं. किती दिवस गढूळ येतंय, असं तिने शक्य तितक्या सहज विचारलं. जोर आला की झरा थोडी माती आणतोच, असं तो म्हणाला. आणि तळं? तळं उन्हाने जातंय. त्या मुलखात तळं नेहमी उन्हानेच जातं. स्वतःच्या पाळीला दोष देणारा शेतकरी तिने अजून पाहिला नव्हता. ती पाणी प्यायली. आईचं बरोबर होतं.

मग ती तपासण्या करत राहिली. करत राहिली, कारण बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. एक बादली पाण्याने भरून, तळाला दगड घालून, तिने ती तळ्याच्या उथळ पाण्यात उभी केली आणि आत-बाहेर पाण्याच्या पातळीला खूण केली. ऊन दोघांनाही सारखंच लागणार. दोन दिवसांत बादली बोटभर उतरली आणि तळं वीतभर. क्लेम वाकून बघत राहिला आणि म्हणाला की बादलीला वारा लागत नाही. पाळीच्या मातीचं एक ढेकूळ तिने पावसाच्या पाण्याच्या ग्लासात सोडलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खिमा आणि बटाटे खाताना दोघंही त्या ग्लासाकडे बघायचं टाळत होते. चांगली चिकणमाती असती तर ढेकूळ नुसतं बसून राहिलं असतं. याच्याभोवती हळूहळू पांढरट धूर पसरला आणि जेवण संपेपर्यंत ग्लास दुधाळ झाला. पाणी लागलं की विरघळून जाणारी माती, जिप्सम मिसळल्याशिवाय पाळीला न चालणारी. "चहात दूध जास्त झालं," क्लेम म्हणाला आणि ग्लास उचलून मोरीत ओतून आला. त्याला काय कळलं आणि काय कळून घ्यायचं नव्हतं, याचा तिला अंदाज येईना. त्याच्या पाठीकडे बघताना तिला राग आला. रागाच्या खाली भीती होती, आणि भीतीच्या खाली काय आहे ते तिला पाहायचं नव्हतं. सांगायला एक वाक्य लागणार होतं. लहानपणापासून तिने त्याला बरीच वाक्यं सांगितली होती. नापास झाले, लग्न मोडलं, आईला दवाखान्यात ठेवलंय. यातलं कुठलंही त्या एका वाक्याइतकं जड नव्हतं, कारण ती सारी ऐकल्यावर बाबाला जाऊन बसायला झऱ्यापाशी एक जागा होती.

गुरुवारी तो क्लबात जेवायला गेला. गाडी वळणाआड होताच तिने हिरव्या रंगाच्या पुडीची पिशवी काढली. कामावर गळतीचा माग काढायचा तोच रंग, पोटात गेला तरी अपाय न करणारा. चिखलात मांडीपर्यंत रुतत ती जुन्या पाइपच्या तोंडापाशी गेली आणि पूड पाण्यात सोडली. मग कुंडीपाशी येऊन बसली. रंग इथे येऊ नये असं तिला वाटत होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसू आलं. तीस वर्षं ठाऊक असलेली गोष्ट खोटी निघावी म्हणून ती दगडावर बसून देवाला, ज्याला ती मानत नव्हती, गळ घालत होती. एक चहा करून पिऊन होईल एवढ्या वेळात धारेला पोपटी छटा आली. मग हिरवी. मग इतकी हिरवी की गवत नसलेल्या त्या रानात डोळ्यांना बोचावी. रेलीन उठली आणि बादलीने कुंडी उपसू लागली. खुळ्यासारखी, घाम पुसायलाही न थांबता. उपसावं तितकं हिरवं येत होतं. संध्याकाळपर्यंत विरेल, बाबा तोवर येणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती, आणि खांबाची सावली तिच्या पायांवर आली तेव्हा सावल्या दोन होत्या.

क्लेमने खिळ्यावरचा मग काढला, बुडवला, हिरवं पाणी डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि घोट घोट करत सगळा मग संपवला. "काही होत नाही ना याने?" एवढंच त्याने रिकामा मग खाली करून विचारलं. ती नाही म्हणाली. "चव तीच आहे," तो म्हणाला. मग खिळ्यावर लटकवून, "डॅरलला फोन कर. पोकलेन मोकळं आहे का विचार." आणि घराकडे चालू लागला. त्याच्या पांढऱ्या मिशा हिरव्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीलाही त्या थोड्या हिरव्याच होत्या. तिला वाटत होतं त्याने चिडावं, भांडं आपटावं, किती वर्षं माहीत होतं असं विचारावं. त्याने टोस्टला लोणी लावलं.

डॅरल पोलग्लेझ पलीकडच्या वाडीवरचा, साठीचा, मुलखातली निम्मी तळी त्याच्याच यंत्राने खणलेली. त्याचा बाप त्या दिवशी कुंपणापाशी हसणाऱ्यांत होता, आणि दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आलेल्यांतही. उरलेलं पाणी पंपाने घरच्या टाक्यांत आणि डॅरलच्या तळ्यात गेलं. टेकडीआडची चांगली चिकणमाती त्याने आणून ढीग केला, जिप्सम मिसळलं, मुठीत धरली तर वळावी इतकी भिजवली. खुरांसारख्या दात्यांचा रोलर बाजूला उभा होता. पाळ कापायची, बीळ सापडेपर्यंत खोल जायचं, खालच्या घट्ट मातीत खाच घेऊन नवी माती थराथराने भरायची, प्रत्येक थर वीतभरच आणि प्रत्येक थरावर रोलर. यात अवघड काहीच नव्हतं, जागा नेमकी कळली की. रेलीन आदल्या दिवशी, उपसा सुरू व्हायच्या आधी, पाळीवरून दांडी टोचत आणि ऐकत फिरली होती. मातीत ऐकणं नळासारखं सोपं नसतं, पण एका जागी, जुन्या पाइपच्या किंचित डावीकडे, तिला तो आवाज आला. दात नसलेल्या म्हाताऱ्याने श्वास आत ओढावा तसा. तिथे तिने खुंटी मारली होती.

आणि आता क्लेम तारा घेऊन आला. त्याच त्या तारा. पाळीच्या एका टोकाने तो निघाला, कोपरं अंगाशी, मुठी सैल, आणि डॅरलने यंत्र बंद केलं. रेलीनच्या खुंटीवरून तो पुढे गेला. तारा हलल्या नाहीत. सांडव्याच्या अलीकडे, बऱ्याच पुढे, त्या एकमेकींवर आल्या आणि त्याने टाचेने खूण करून आपली खुंटी ठोकली. गळती आहे हे त्याने गिळलं होतं, मगभर गिळलं होतं. ती सापडावी तरी आपल्याला, एवढंच तो मागत होता. डॅरलने एका खुंटीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"कुठे खणू? दोन्हीकडे खणलं तर पाळ कुठली राहतेय."

दोघंही तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तिने एकही खोटी फुली मारली नव्हती. चुकून सुद्धा नाही. चांगल्या पाळीला विनाकारण चिरायचं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या तिघांत कुणाला माहीत होतं? कॉलेजातली मिटलेली वही तिला आठवली आणि मिटल्याचा आवाजही.

"बाबाच्या खुंटीवर," ती म्हणाली.

डॅरलने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि यंत्र चालू केलं. पिवळी माती निघाली, साबणाच्या वडीसारखी घट्ट, बकेटच्या दातांच्या खुणा तिच्यावर चकाकत होत्या. अजून खोल. अजून. एक थेंब नाही. रेलीनला त्या कोरड्या खड्ड्याची लाज वाटत होती, आपली, बाबाची नव्हे. क्लेम काठावर वाकून बघत होता. मग म्हणाला की हे टोक त्याने नीट चोपलं होतं, शेजाऱ्यांच्या मेंढ्यासुद्धा मागून आणून आठवडाभर याच्यावरून इकडून तिकडे हाकल्या होत्या, ही माती कुठेही जायची नाही. त्याने वाकून आपली खुंटी उपटली.

"आता पोरीच्या खुंटीवर खण."

तिथे फार खोल जावं लागलं नाही. गंजलेला पाइप उघडा पडला आणि त्याच्या डाव्या अंगाला बीळ, हात जाईल एवढं, आतून कुणी घासून काढल्यासारखं गुळगुळीत. तळ्यातल्या यॅबी झिंग्याचं एक पिल्लू त्यातून घाईघाईने बाहेर आलं आणि उजेड बघून परत आत गेलं. तळं उपसलं असलं तरी कुठल्या तरी कोपऱ्यात साठलेलं पाणी बिळातून अजून करंगळीएवढं येत होतं. पाळ घातली तेव्हा लोकर कातरायचे दिवस तोंडावर होते, क्लेम म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. पाइप घालून वरून फावड्याने कोरडीच माती लोटली होती. चोपायचं राहिलं. नंतर करू म्हटलं होतं. आणि कुणी काही म्हणायच्या आत तो चराच्या उतारावर बसला आणि घसरत खाली गेला. रेलीन ओरडलीच, बाबा, वर ये, बाजू ढासळेल. तो ऐकत नव्हता. बाहीही न सारता त्याने हात बिळात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल ओल्या मातीला टेकवून. तीही उतरली. त्याची पाठ धरायची की पाय, तिला समजेना, म्हणून तिने नुसता त्याच्या शर्टाचा मागचा भाग मुठीत धरला.

"मी म्हटलं होतं, इथे पाणी आहे," तो मातीकडे तोंड करून म्हणाला. "होतं की नाही?"

"होतं, बाबा."

"कुणाचं, ते मी कधी सांगितलं नव्हतं."

ती हसली. हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही, पण ते थांबेना, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तेही तिने थांबवलं नाही. वर डॅरल दुसरीकडे बघत उभा होता. क्लेम हसला नाही. त्याने हात काढला नाही.

"निघ आता," ती म्हणाली. "डॅरलला भरायचंय."

"येतंय अजून थोडं. थांब जरा. संपू दे."

डॅरलने यंत्र बंद केलं. ऊन चरात उतरलं होतं आणि ओली माती कडेने फिकी पडू लागली होती. दूर मेंढ्या ओरडत होत्या. म्हातारा बोटं हलवून बघत होता, पुन्हा बघत होता, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि ती त्याचा शर्ट धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कधी संपलं ते तिला त्या चेहऱ्यावरूनच कळलं. तरी तो आणखी थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत पिवळा झालेला, आणि वर बघून म्हणाला, "भर."